सोडिअमचे दान, क्लोरीनची हाव आणि मिठाचा खरा हिशेब

सोडिअम हा चाकूने कापता येईल इतका मऊ धातू आहे. ताजा काप चांदीसारखा चकाकतो, पण हवा लागताच पाहता पाहता काळवंडतो. पाण्यात त्याचा तुकडा पडला, तर तो वितळून गोळी होतो, फसफसत पृष्ठभागावर सैरावैरा पळतो आणि पुष्कळदा पेटही घेतो. म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते. क्लोरीन हा हिरवट पिवळा, फुप्फुसे जाळणारा वायू आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने तो शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. अशा या दोन पदार्थांची गाठ घालून दिली, म्हणजे तापवलेल्या सोडिअमचा तुकडा क्लोरीनने भरलेल्या भांड्यात सोडला, तर डोळे दिपवणारी पिवळी ज्योत उठते, पांढरा धूर दाटतो आणि थोड्या वेळाने भांड्याच्या आतल्या बाजूवर एक पांढरी भुकटी बसलेली दिसते. ती भुकटी म्हणजे सोडिअम क्लोराइड, अर्थात मीठ. त्यात धातूची चमक नाही, वायूचा रंग नाही, आणि दोघांच्याही दाहकतेचा मागमूस नाही.

असे का होते, याचे शाळेतील पुस्तकांत दिलेले उत्तर बहुतेकांना पाठ असते. सोडिअमचा अणुअंक ११ आहे. त्याचे ११ इलेक्ट्रॉन आतून बाहेर २, ८, १ अशा कवचांत मांडलेले असतात. क्लोरीनचा अणुअंक १७ आणि मांडणी २, ८, ७. बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन असणे, म्हणजेच ‘अष्टक’ पूर्ण असणे, हे स्थिरतेचे लक्षण. निऑन आणि अरगॉन यांसारखे राजवायू त्यामुळेच कोणाशी सहसा संयोग पावत नाहीत. सोडिअमने बाहेरचा १ इलेक्ट्रॉन देऊन टाकला, तर त्याची मांडणी निऑनसारखी २, ८ होते. तोच इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला, तर त्याची मांडणी अरगॉनसारखी २, ८, ८ होते. इलेक्ट्रॉन गमावल्यामुळे सोडिअमवर १ एकक धन प्रभार येतो, कमावल्यामुळे क्लोरीनवर १ एकक ऋण प्रभार येतो, आणि विरुद्ध प्रभारांचे हे दोन कण, म्हणजे आयन, एकमेकांना ओढून धरतात. या ओढीला आयनिक बंध म्हणतात. ही मांडणी जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर कोसेल यांनी १९१६ साली केली. त्याच वर्षी अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनांची जोडी दोन अणूंनी सामाईक वापरण्याची, म्हणजे सहसंयुज बंधाची, कल्पना मांडली.

हे उत्तर चूक नाही. समीकरणे लिहायला आणि सूत्रे बसवायला ते पुरेसे आहे. मात्र ते ज्या भाषेत सांगितले जाते, त्या भाषेने एक गैरसमज हमखास रुजतो, तो असा की सोडिअमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचाच’ असतो, क्लोरीनला तो ‘हवाच’ असतो, आणि देवाणघेवाण झाली की दोघे सुखी होतात. अणूला इच्छा नसते ही गोष्ट बाजूला ठेवली, तरी हे चित्र ऊर्जेच्या हिशेबात टिकत नाही. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन फुकट देत नाही. तो त्याच्याकडून अक्षरशः हिसकावून घ्यावा लागतो.

हिसकावण्याची किंमत

वायुरूप अवस्थेतील एकट्या अणूपासून एक इलेक्ट्रॉन काढून घेण्यासाठी जी ऊर्जा खर्चावी लागते, तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. सोडिअमसाठी ती दर मोलला ४९६ किलोज्यूल आहे. (मोल हे रसायनशास्त्रातील मोजमाप आहे, जसे डझन असते तसे, फरक एवढाच की एका मोलमध्ये १२ नव्हे, तर ६०२ च्या पुढे २१ शून्ये इतके कण असतात.) उलट बाजूला, क्लोरीनचा एकटा अणू बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन स्वीकारतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते, ती दर मोलला ३४९ किलोज्यूल. म्हणजे देण्यासाठी ४९६ खर्च आणि घेण्यातून ३४९ जमा. हा व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यात आहे.

दुसरा एखादा धातू घेतला, तर हा तोटा भरून निघेल, असे वाटणे साहजिक आहे. इलेक्ट्रॉन सर्वांत सैल धरणारा धातू म्हणजे सीझिअम, आणि त्याची आयनीभवन ऊर्जा दर मोलला सुमारे ३७६ किलोज्यूल. इलेक्ट्रॉन घेताना सर्वांत जास्त ऊर्जा सोडणारे मूलद्रव्य क्लोरीनच, तेही ३४९ किलोज्यूल. आवर्तसारणीतला सर्वांत ‘उदार’ आणि सर्वांत ‘हावरा’ असे दोन अणू निवडले, तरीही खर्च जमेपेक्षा जास्तच राहतो. याचा अर्थ सरळ आहे. एकमेकांपासून खूप दूर असलेल्या कोणत्याही दोन अणूंमध्ये धातूकडून अधातूकडे इलेक्ट्रॉन आपणहून जात नाही. मला विचाराल, तर आयनिक बंध शिकवताना ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगायला हवी, कारण तिच्यामुळे ‘अष्टक पूर्ण करण्याची धडपड’ हे स्पष्टीकरण अपुरे का आहे, हे लगेच ध्यानात येते.

मग हा तोटा कोण भरून काढते? जवळीक. आता सोडिअम आणि क्लोरीन यांचे दोन अणू हळूहळू एकमेकांकडे सरकत आहेत, अशी कल्पना करावी. इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर त्यांच्यात विद्युत आकर्षण निर्माण होईल, आणि ते जितके जवळ, तितकी त्या आकर्षणातून मिळणारी ऊर्जा अधिक. हे अंतर घटत घटत साधारण १ नॅनोमीटरच्या थोडे आत आले, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे उरले, की आकर्षणातून मिळणारी ऊर्जा १४७ किलोज्यूलच्या तोट्याइतकी होते. त्याच्याही आत आल्यावर इलेक्ट्रॉनची बदली फायद्याची ठरू लागते. थोडक्यात, इलेक्ट्रॉन आधी दिला गेला आणि मग आकर्षण आले, असा क्रम मनात धरणे फसवे आहे. आकर्षणाचा फायदा समोर दिसतो, म्हणून बदली परवडते.

दोन आयन जवळ येता येता एकमेकांत मिसळून का जात नाहीत, असाही प्रश्न पडू शकतो. प्रत्येक आयनभोवती इलेक्ट्रॉनांचे आवरण असते. दोन आवरणे एकमेकांत घुसू लागली, की तीव्र प्रतिकर्षण सुरू होते. ओढ आणि हा विरोध जिथे समतोल साधतात, तेवढे अंतर कायम राहते. मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोराइड यांच्या केंद्रांमधले हे अंतर सुमारे ०.२८ नॅनोमीटर आहे. या व्यवहारात आयनांचा आकारही बदलतो. बाहेरचे कवच रिकामे झाल्यामुळे सोडिअमची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटरवरून (१ पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) १०२ वर येते. एक इलेक्ट्रॉन वाढल्यामुळे क्लोरीन ९९ वरून १८१ पर्यंत फुगतो. अणू असताना मोठा असलेला सोडिअम आयन झाल्यावर लहान ठरतो, आणि मोठ्या क्लोराइडांच्या मधल्या पोकळ्यांत तो व्यवस्थित बसतो.

मिठाचा रेणू नसतो

आता या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सोडिअम आणि क्लोरीन यांची एक जोडी जमली, म्हणजे काम संपले असे नाही. सोडिअमच्या आयनाची ओढ एखाद्या हुकासारखी एकाच बाजूला नसते. ती चहूकडे सारखी असते. एक क्लोराइड त्याला चिकटला, तरी बाकीच्या बाजूंनी तो दुसऱ्या क्लोराइडांना ओढतच राहतो. क्लोराइडचेही तसेच. परिणामी प्रत्येक सोडिअमभोवती ६ क्लोराइड गोळा होतात: वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच ६ सोडिअम. ही रचना तिन्ही दिशांना पसरत जाते. बुद्धिबळाच्या पटावर काळी आणि पांढरी घरे आळीपाळीने येतात, तसा हा पट आहे. फक्त तो सपाट नसून एकावर एक थर रचलेला आहे, आणि वरच्या थरातील प्रत्येक पांढऱ्या घराखाली काळे घर येते.

मिठाचा एक कण भिंगाखाली धरला, तर तो छोट्याशा ठोकळ्यासारखा दिसतो. कडा सरळ, कोपरे काटकोनात. समजा, त्याची एक कड ०.३ मिलिमीटर आहे. या कडेवर एकाआड एक बसलेले सोडिअम आणि क्लोराइड मोजायचे ठरवले, तर ते सुमारे १० लाख भरतील. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही धरून पूर्ण कणात सोडिअमचे सुमारे ६० कोटी अब्ज आयन आणि तितकेच क्लोराइडचे असतील. आता या गर्दीत बोट ठेवून ‘हा सोडिअम आणि हा क्लोराइड मिळून मिठाचा एक रेणू’ असे कोठे दाखवणार? प्रत्येक सोडिअमला ६ शेजारी आहेत आणि सहाही सारख्याच अंतरावर आहेत. पाण्याचा रेणू वेगळा दाखवता येतो, कारण त्यातला ऑक्सिजन त्याच्या ठरावीक २ हायड्रोजनांशी बांधलेला असतो. मिठात अशी ठरलेली जोडपी नाहीत. सोडिअम क्लोराइडचे सूत्र दोन्ही आयनांचे १ : १ हे प्रमाण तेवढे सांगते.

हे चित्र कोणी बसल्या जागी कल्पनेने काढलेले नाही. क्ष-किरण स्फटिकातून जाताना कसे विखुरतात, यावरून विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे चिरंजीव लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली मिठाची रचना उलगडली, आणि १९१५ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार पितापुत्रांना विभागून मिळाला. त्या वेळी लॉरेन्स अवघे २५ वर्षांचे होते. पण मिठात रेणू नाही, ही गोष्ट सगळ्यांच्या सहज पचनी पडली नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १९२७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात चिडून पत्र लिहिले, आणि बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी साध्या व्यवहारबुद्धीला न पटणारी आहे, असे बजावले. त्यांचा वैताग समजण्यासारखा होता. सारी हयात रेणूंच्या भाषेत विचार करण्यात गेलेल्या माणसाला रोजच्या मिठातच रेणू नाही, हे ऐकून धक्का बसणारच.

या पटाचा ऊर्जेशी थेट संबंध आहे. स्फटिकातील एका सोडिअमच्या जागी उभे राहून पाहावे. सर्वांत जवळ ६ क्लोराइड, तेव्हा ओढ. त्यांच्यानंतर थोड्या अधिक अंतरावर १२ सोडिअम, तेव्हा दूर लोटणे. त्यांच्यापलीकडे ८ क्लोराइड, पुन्हा ओढ. मग ६ सोडिअम, पुन्हा लोटणे. ही ओढाताण दूरवर चालत राहते, पण प्रत्येक मिळकतीतून पुढची वजावट करत सगळी बेरीज केली, तर तितक्याच अंतरावरच्या एका सुट्या जोडीतल्या ओढीच्या सुमारे १.७५ पट ओढ हाती उरते. या संख्येला माडेलुंग स्थिरांक म्हणतात. जोडी जमल्यावर फायदा होतोच. पण जोड्यांनी पट मांडला, की तो आणखी वाढतो.

आता सगळा ताळेबंद मांडता येतो. १ मोल सोडिअम धातूचे सुटे अणू करण्यासाठी सुमारे १०८ किलोज्यूल लागतात. क्लोरीन वायूत अणू जोडीजोडीने असतात. त्या तोडून १ मोल सुटे अणू मिळवायला सुमारे १२२ लागतात. सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. एकूण खर्च ७२६. क्लोरीनने इलेक्ट्रॉन स्वीकारल्यावर ३४९ परत आले, तरी ३७७ ची तूट राहते. आणि मग सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक घडतो, तेव्हा एका झटक्यात सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तिला जालक ऊर्जा म्हणतात. ७८७ मधून ३७७ वजा केले, की ४१० शिल्लक राहतात, आणि मीठ तयार होताना प्रत्यक्ष मोजलेली उष्णताही जवळपास तेवढीच आहे. हिशेबाची ही पद्धत माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ साली रूढ केली. भांड्यात उठलेली ती पिवळी ज्योत याच शिलकेतून आली होती.

सोडिअम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही

हिशेबाची ही दृष्टी आली, की एरवी पाठ करावे लागणारे बरेच नियम आपोआप उलगडतात. सोडिअमने एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन दिले असते, तर त्याचा प्रभार दुप्पट होऊन ओढ खूप वाढली असती. पण दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो, जिथे तो केंद्रकाच्या जवळ आणि घट्ट धरलेला असतो. त्याची किंमत आहे ४,५६२ किलोज्यूल, म्हणजे पहिल्याच्या नऊपटींहूनही जास्त. एवढा खर्च कोणताही स्फटिक भरून देऊ शकत नाही. मॅग्नेशिअमचा पहिला इलेक्ट्रॉन ७३८ ला पडतो, दुसरा १,४५१ ला, आणि तिसरा एकदम ७,७३३ ला. दोन इलेक्ट्रॉन काढणे महाग आहे, पण २ एकक प्रभारामुळे वाढलेली जालक ऊर्जा ते भरून काढते. तिसरा कोणालाच परवडत नाही. अष्टकाचा नियम म्हणजे या भावांमधल्या उडीचीच संक्षिप्त नोंद आहे.

ऑक्सिजनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पहिला इलेक्ट्रॉन घेताना तो १४१ किलोज्यूल सोडतो, पण त्यामुळे ऋण प्रभारित झालेल्या ऑक्सिजनवर दुसरा इलेक्ट्रॉन लादायचा, तर दोन ऋण प्रभारांमधले प्रतिकर्षण आडवे येते आणि उलट सुमारे ७४४ किलोज्यूल खर्चावे लागतात. अष्टक पूर्ण झाल्यावर ऑक्सिजन सुखावला असता, तर हा दुसरा इलेक्ट्रॉन त्याने आनंदाने घेतला असता. प्रत्यक्षात वायुरूपातला सुटा ऑक्साइड आयन टिकतच नाही. तो टिकतो स्फटिकात, कारण भोवतालचे धन आयन त्याला सावरून धरतात. मॅग्नेशिअम ऑक्साइडची जालक ऊर्जा सुमारे ३,८०० किलोज्यूल आहे, मिठाच्या जवळजवळ पाचपट. दोन्ही बाजूंचे प्रभार दुप्पट झाल्याने ओढ चौपट होते, आणि हे आयन मिठातल्या आयनांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ असल्यामुळे ती आणखी वाढते. मॅग्नेशिअमची फीत जाळल्यावर जो डोळ्यांना न सोसवणारा पांढरा प्रकाश पडतो, त्यामागे हीच मिळकत आहे.

सूत्रे बसवणे मग किरकोळ काम ठरते. पदार्थाचा एकूण प्रभार शून्य असला पाहिजे, एवढीच अट. मॅग्नेशिअमचे २ धन, क्लोराइडचा १ ऋण, म्हणून दर मॅग्नेशिअममागे २ क्लोराइड. ॲल्युमिनिअमचे ३ धन आणि ऑक्साइडचे २ ऋण, म्हणून २ ॲल्युमिनिअम आणि ३ ऑक्साइड. दोन्हीकडे बेरीज ६.

कठीण, पण ठिसूळ

आयनिक संयुगांचे गुणधर्म याच पटावरून वाचता येतात. मीठ वितळवायचे, तर आयनांना आपापल्या घरांतून हलवावे लागते, आणि त्यासाठी ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. मूळ सोडिअम धातू मात्र ९८ अंशांच्या आसपासच वितळतो. मॅग्नेशिअम ऑक्साइड २,८०० अंशांच्याही पुढे टिकते, म्हणून पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्या विटांचे अस्तर देतात.

इतकी ओढ असूनही मिठाचा मोठा स्फटिक हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने फुटतो. धातूचा तुकडा ठोकला, तर तो पसरतो, मिठाचा तडकतो. याचे कारण पाहण्यासारखे आहे. ठोक्याने स्फटिकाचा एक थर शेजारच्या थरावरून फक्त एक घर सरकला, की सोडिअमसमोर सोडिअम आणि क्लोराइडसमोर क्लोराइड येतो. क्षणापूर्वी जे थर एकमेकांना ओढून धरत होते, तेच आता एकमेकांना दूर लोटतात, आणि स्फटिक त्या पातळीवर दुभंगतो. पात्याची धार स्फटिकाच्या बाजूला समांतर ठेवून ठोका दिला, तर तुटलेला पृष्ठभाग आरशासारखा सपाट निघतो, आणि मोठ्या ठोकळ्याचे लहान ठोकळे होतात.

वीज वाहण्याचेही तसेच. कोरड्या मिठाच्या खड्यात दोन तारा खुपसून दिवा जोडला, तर तो लागत नाही. प्रभारित कण अब्जावधी आहेत, पण प्रत्येक जण आपल्या घरात जखडलेला आहे. तेच मीठ वितळवले किंवा पाण्यात विरघळवले, की आयन मोकळे होतात आणि दिवा लागतो. ‘आयन’ हा शब्दच मुळी ‘जाणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली प्रचारात आणला. पुढे १८८०च्या दशकात स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअस यांनी असे मांडले की, वीज सोडली नाही तरी द्रावणात आयन आधीपासूनच सुटे असतात. त्यांचा प्रबंध परीक्षकांना फारसा रुचला नव्हता. त्याच विचारासाठी १९०३ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. वितळलेल्या मिठातून वीज जाऊ दिली, तर सोडिअमचे आयन ऋणाग्राकडे जाऊन आपला इलेक्ट्रॉन परत मिळवतात, क्लोराइडचे धनाग्राकडे जाऊन तो सोडून देतात, आणि हिरवट वायू आणि मऊ धातू पुन्हा वेगळे होतात. जी ऊर्जा ज्योतीच्या रूपाने निघून गेली होती, ती विजेच्या रूपाने भरून द्यावी लागते, एवढेच.

८०१ अंशांना न जुमानणारे मीठ साध्या थंड पाण्यात मुकाट्याने कसे विरघळते, हे कोडे राहते. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनच्या टोकाला किंचित ऋण प्रभार असतो, हायड्रोजनच्या टोकांना किंचित धन. सोडिअमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू पुढे करून जमतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची. एकेका रेणूची ओढ लहान, पण मिळून त्यांची भरपाई जवळजवळ जालक ऊर्जेइतकी होते. जवळजवळच, पूर्ण नव्हे: दर मोलला सुमारे ४ किलोज्यूल कमी पडतात आणि ते पाण्याच्या उष्णतेतून घेतले जातात, त्यामुळे मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होते. तरीही ते विरघळते, कारण शिस्तीत बसलेल्या आयनांना पाण्यात विखुरण्याच्या कितीतरी जास्त वाटा उपलब्ध होतात, आणि निसर्गात कोणती घडामोड होणार हे ठरवताना ऊर्जेबरोबर ही विखुरणीही मोजली जाते. १०० ग्रॅम पाण्यात सामान्य तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते. पण म्हणून ‘आयनिक संयुगे पाण्यात विरघळतात’ हे सरसकट विधान मी करणार नाही. सिल्व्हर क्लोराइड १ लिटर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळते, आणि मॅग्नेशिअम ऑक्साइडही जवळपास विरघळत नाही. स्फटिकाची ओढ आणि पाण्याची ओढ यांतली कोणती वरचढ ठरते, हे दर वेळी पाहावे लागते.

धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक?

असेच आणखी एक सरसकट विधान म्हणजे धातू आणि अधातू यांच्यात होणारा बंध आयनिकच असतो. सुरुवातीला ते उपयोगी आहे, पण त्याला अपवाद बरेच आहेत. दोन्ही दिशांनी आहेत. अमोनिअम क्लोराइडमध्ये एकही धातू नाही, तरी ते आयनिक आहे, कारण त्यात १ नायट्रोजन आणि ४ हायड्रोजन मिळून झालेला अमोनिअम हा गट धन आयनाचे काम करतो. उलट टायटॅनिअम हा अस्सल धातू, पण त्याचे ४ क्लोरीन असलेले संयुग सामान्य तापमानाला चक्क द्रव असते आणि १३६ अंशांना उकळते. तिथे आयनांचा पट नाही, सुटे रेणू आहेत.

इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली मांडलेल्या मापनात सोडिअमची ०.९३ आणि क्लोरीनची ३.१६ येते, फरक मोठा, म्हणून इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णपणे क्लोरीनकडे. ॲल्युमिनिअमची १.६१, क्लोरीनशी फरक कमी, म्हणून तिथे ‘दिला’ आणि ‘वाटून घेतला’ यांच्या मधली स्थिती. या मधल्या स्थितीचे आणखी एक कारण काझिमिर्झ फायान्स यांनी १९२३ च्या सुमारास दाखवून दिले. धन आयन लहान आणि जास्त प्रभाराचा असेल, आणि समोरचा ऋण आयन मोठा असेल, तर धन आयन त्या मोठ्या आयनाचे सैल इलेक्ट्रॉन आवरण आपल्या बाजूला खेचून वेडेवाकडे करतो. ते आवरण इतके खेचले जाते, की इलेक्ट्रॉन दोघांच्या मधे येऊन उभे राहतात, आणि आयनिक म्हणून सुरू झालेला बंध सहसंयुज बंधाकडे झुकतो.

ॲल्युमिनिअमचा ३ प्रभारांचा चिमुकला आयन या कामात तरबेज आहे. त्याच्यासमोर मोठा क्लोराइड आला, तर तयार होणारे ॲल्युमिनिअम क्लोराइड १८० अंशांच्या आसपासच घनरूपातून थेट वायुरूप होते, आणि त्या वाफेत २ ॲल्युमिनिअम आणि ६ क्लोरीन यांचे नीट मोजता येणारे रेणू सापडतात. समोर छोटा, आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरणारा फ्लोराइड आला, तर तो असा सहजासहजी वाकत नाही. आयनांचा पट टिकून राहतो, आणि ॲल्युमिनिअम फ्लोराइडची वाफ करायला १,२०० अंशांच्याही पुढे जावे लागते.